गृहगमन अयशस्वी

लिमिट स्विच. या दोन शब्दांनी माझा अख्खा मार्च महिना खाल्ला.

मी शिरीष आठल्ये. चौतीस वर्षं साखर कारखान्यात मेंटेनन्स बघितला. ऐन हंगामात मिलचं बेअरिंग गेलं की चीफ इंजिनिअर माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला लावून, मूठ कानाला टेकवून सांगायचो, कुठलं गेलंय ते. असा माणूस निवृत्त झाल्यावर सांगलीतल्या आपल्या घराच्या मागच्या पडवीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, चौरंगाएवढ्या एका यंत्रासमोर बसून रोज सकाळी एकच वाक्य वाचत होता: ‘गृहगमन अयशस्वी. कृपया यंत्रास घरी पाठवा.’

अरे, कुठल्या घरी? पत्ता तरी सांग!

हे यंत्र म्हणजे हौशी लोकांसाठीचा सीएनसी राउटर. मोटारीला एक बारीक पातं लावलेलं असतं, संगणक सांगेल तसं ते फिरतं आणि लाकूड, हाड, पितळ कोरतं. ‘घर’ म्हणजे त्याचा डावीकडचा पुढचा कोपरा. सुरू झाल्यावर पात्याने आधी त्या कोपऱ्यातल्या बटणाला टेकायचं, तेव्हा त्याला कळतं आपण कुठे आहोत. ते बटण म्हणजे लिमिट स्विच. माझं यंत्र बटणाला टेकायचं, आणि बटण अजून आलंच नाही असं समजून कर्रर्र करत तसंच रेटत राहायचं. मी वायरी तपासल्या. स्विच बदलला. केबल बदलली. ड्रायव्हर तीनदा काढून तीनदा घातला. एकविसाव्या दिवशी कळलं की सेटिंगच्या सातव्या पानावर एक चौकोन आहे, ‘स्विच सामान्यतः बंद’, आणि त्यावर खूण करायची राहिली आहे. एक खूण! एकवीस दिवस! मी कपाळावर हात मारला तो स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेला असणार. पण तिथून कोणी विचारायला आलं नाही.

कोण येणार? वैजू, म्हणजे वैजयंती, माझी बायको, चार महिने माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. ‘जेवायला या.’ ‘गॅसवाला आलाय.’ संपलं. आणि तिचं काही चुकत नव्हतं, कारण तिचा तंबोरा मी मारला होता.

वैजू गाणारी. मैफली गाजवणारी नव्हे, पण मिरजेच्या एका मोठ्या बाईंकडे सोळा वर्षं बसून शिकलेली. बाई गेल्या, तरी दर मार्गशीर्षात त्यांच्या पुण्यतिथीला सगळ्या शिष्या आपापला तंबोरा घेऊन त्यांच्या माडीवर जमतात. सगळे तंबोरे बाईंच्याच पट्टीत लावायचे, काळी चार, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सा. एकीने गायचं, बाकीच्यांनी ओळीने बसून तंबोरे छेडत राहायचं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ते दहा-बारा तंबोरे थांबत नाहीत. वैजूने एकोणतीस वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं. मागच्या मार्गशीर्षात मात्र आठ दिवस आधी ती म्हणाली, “तंबोरा बोलत नाहीये माझा. यंदा जात नाही मी.”

तिने एवढं म्हणायचा अवकाश, माझ्या हातांना खाज सुटली.

दुसऱ्या दिवशी ती भाजी आणायला गेल्यावर मी तंबोरा उतरवला. भोपळ्यावर हाडाची एक बैठी पट्टी असते, तिच्यावरून चारही तारा जातात. ती घोडी. कारखान्यातल्या सवयीप्रमाणे हात लावण्याआधी चारही तारा छेडून आवाज फोनवर नोंदवून ठेवला. मशीन उघडण्याआधीचा आवाज हवाच, हा माझा नियम. आवाज खरंच मिटलेला होता. घोडीवर तारांच्या बारीक चरी दिसल्या. म्हटलं, झिजलीय. कानस घेतली आणि दहा मिनिटांत चरी घालवून टाकल्या. छान गुळगुळीत. वर तार छेडली, तर धुणं वाळत घालायची तार छेडावी तसा ठक्क आवाज.

वैजू पिशवी हातात घेऊन दारात उभी होती.

“कोणाला विचारून?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी मी मिरजेला गुलाबचाचांकडे गेलो. त्यांच्या चार पिढ्या सतारी-तंबोरे करण्यात गेल्या, आणि वैजूचा तंबोरा त्यांच्याच हातचा. त्यांनी घोडी बोटावर फिरवली, उजेडात धरली आणि माझ्याकडे अशी नजर टाकली की मला कारखान्यातला पहिला दिवस आठवला.

“साहेब, ही जवारी हाय. तुमी तर दरवाजाची फळी घासल्यागत घासलीय की ओ.”

“नवी करून द्या चाचा.”

त्यांनी उजवा हात पुढे धरला. तो थरथरत होता. तीन वर्षांपासून कंपवात. घरातलं दुसरं कोणी जवारी काढत नव्हतं. उठून त्यांनी फळीवरच्या डब्यातून उंटाच्या हाडाचे दोन तुकडे काढले. “बारा वर्सं मुरलेत. एवडंच ऱ्हायलेत. कुनाकडनं तरी करून घ्या.”

कुणाकडून? असा माणूस मिळेना, आणि शोधता शोधता मला ‘नादकोर’ सापडलं.

यातलं विज्ञान सांगतो, कारण मी ते दोन महिने घोकलंय. इतर वाद्यांत तार एका धारेवर टेकते. तंबोऱ्यात ती किंचित उतरत्या, गोलसर हाडावर टेकते; तो उतार म्हणजेच जवारी. तार थरथरते तेव्हा तिची टेकण्याची जागा त्या उतारावर पुढे-मागे सरकत राहते, आणि प्रत्येक सरकण्यात तारेतले वरचे सूर पुन्हा पुन्हा जागे होतात. तंबोऱ्याचा तो भरून राहणारा गुंजारव येतो तो त्यातून. उतार केसाच्या दहाव्या हिश्शाने चुकला की सगळं मुकं. आजवर हे कारागिराच्या बोटांना कळायचं. अलीकडे काही गणित्यांनी उलटा रस्ता शोधला. आवाज नीट ऐकला तर त्यावरून घोडीचा आकार काढता येतो, सोनोग्राफीवाला आवाजावरून पोटातलं चित्र काढतो तसा. नादकोर म्हणजे तेच गणित घातलेला प्रोग्रॅम. त्याला जुनं ध्वनिमुद्रण द्या, तो आकार काढतो. राउटर कोरतो, मग घोडीवर एक तार ताणून स्वतःच छेडतो, माइकमधून ऐकतो, आणखी खरवडतो. माझ्यासारख्यांचं स्वस्तातलं यंत्र मुळात काही एवढं अचूक नसतं, पण ऐकत ऐकत कोरतं म्हणून निभतं.

वाचायला किती सोपं! प्रत्यक्षात एक प्रोग्रॅम आकार काढतो, दुसरा त्या आकारावर पातं कुठून कसं फिरेल ते ठरवतो, तिसरा ते यंत्राच्या भाषेत यंत्राला सांगतो, आणि या तिघांचं एकमेकांशी मुळीच पटत नाही. एक अपडेट झाला की दुसरा रुसतो. मदत केंद्राला लिहिलं की उत्तर यायचं, ‘आपल्या संयमाचे आम्ही ऋणी आहोत.’ माझा संयम! इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला विचारा माझा संयम.

एप्रिलअखेर सगळं जुळलं. म्हणजे मला तसं वाटलं. नऊ वर्षांपूर्वीच्या पुण्यतिथीला वैजू एकटीच तंबोरा जुळवत होती, ते मुद्रण घातलं, आकार आला, हाडाचा पहिला तुकडा पकडीत आवळला. वैजूला हाक मारली. आली, दाराशी टेकून उभी राहिली, हात पदराला पुसत.

“आता बघ,” मी म्हणालो आणि सुरू केलं.

पातं एकदम खाली गेलं, जात राहिलं, हाडाच्या आरपार, खालच्या फळीच्या आरपार. फाडकन तुकडे उडाले. मी लाल बटण दाबेपर्यंत यंत्राने स्वतःच्या पाटात भोक पाडलं होतं. पहिल्या प्रोग्रॅमने मिलिमीटर लिहिले होते आणि तिसऱ्याने ते इंच समजून वाचले. चार मिलिमीटर खोल जायचं होतं, ते चार इंच निघालं.

“च्यायला या यंत्राच्या!” मी ओरडलो. पाना भिंतीवर फेकला. टवका उडाला.

वैजू पुढे आली. खाली वाकून हाडाचे तुकडे एकेक करून वेचले, माझ्यासमोर ठेवले आणि आत गेली. बारा वर्षं मुरलेलं हाड. आता एकच उरलं होतं.

मी महिनाभर त्या पडवीकडे फिरकलो नाही. मग मृगाच्या सुमाराला एका सकाळी पुन्हा बसलो, आणि ठरवलं की या वेळी वाकड्यात शिरायचं नाही. नादकोर विचारेल ते सगळं मुकाट्याने भरायचं, ऐच्छिक चौकोनसुद्धा. त्यात एक होता: ‘बिघाडाचा नमुना असल्यास द्यावा.’ माझ्याकडे होता. कानस लावण्याआधी फोनवर घेतलेला. तो घातला.

वीस मिनिटं चाक फिरत राहिलं, मग अहवाल आला. मराठी नेहमीसारखंच भयंकर: ‘नमुना अ व नमुना ब यांतील घोडीचा पृष्ठभाग समान. बिघाड आढळला नाही. नमुना ब मध्ये चारही तारांखालील मृदू आधार अनुपस्थित.’

मी तीनदा वाचलं. अ म्हणजे नऊ वर्षांपूर्वीचं मुद्रण, ब म्हणजे माझं फोनवरचं. पृष्ठभाग समान. म्हणजे मी कानस लावली तेव्हा घोडी ठणठणीत होती. मी चांगल्या घोडीला कानस लावली होती. आणि हा मृदू आधार म्हणजे काय? मदत केंद्राच्या नादी न लागता मी स्कूटर काढली आणि सरळ मिरज गाठली.

गुलाबचाचा ओट्यावर ऊन खात बसले होते. मी अहवाल वाचून दाखवला. ते हसलेच.

“मऊ आधार म्हंजे दोरा की ओ, साहेब! तार आन् घोडी यांच्या मधी सुताचा दोरा सरकवत्यात. त्यो बरोबर जागी आला की जवारी उघडती. तुमी कदी बगितला न्हाई?”

नाही बघितला. तीस वर्षं तंबोरा माझ्या घरात, आणि मी त्याला फक्त फडक्याने पुसलं होतं.

“म्हणजे दोरे पडले असतील,” मी म्हणालो.

“एकांदा सरकतो, पडतो. चारीच्या चारी आपनहून पडत न्हाईत.” चाचांनी चार बोटं वर केली. “चार काडावं लागत्यात.”

“कोणी काढले? मी तर नाही.”

त्यांनी माझ्याकडे न बघता हात मांडीवर दाबून धरला. “साहेब, वैजूताई दोन वर्सांमागं हितं आलत्या. म्हनल्या, चाचा, वरचा सा आता लागत न्हाई, गळा उतरलाय. तंबोरा काळी तीनला आनून द्याल का? पट्टी उतरवायची तर तारा जाड लागत्यात, जवारी नवी काडावी लागती. मी ह्यो हात दाकिवला. गप उटून गेल्या. तुमास्नी बोलल्या न्हाईत?”

नाही. मला नाही बोलली.

परतताना तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या. सात महिने! सात महिने मी गुन्हेगारासारखा घरात वावरतोय, लिमिट स्विचच्या पायी रक्त आटवतोय, आणि बाईसाहेबांनी दोरे स्वतःच्या हाताने काढले होते. गायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं ना! वाटेत एका ट्रकवाल्यावर मी इतका खेकसलो की तोच बिचारा बाजूला झाला. घरी जाऊन काय काय बोलायचं ते सगळं मी जुळवून ठेवलं.

घरी आलो तेव्हा वैजू दुपारची कोथिंबीर निवडत बसली होती. मी तसाच पडवीत गेलो. म्हटलं, आधी हिला घोडी करून दाखवतो, जशीच्या तशी, काळी चारची. मग बोलतो. बघू पुढच्या मार्गशीर्षात काय सबब काढतेस. राउटर सुरू केला. पातं कोपऱ्यात गेलं, बटणाला टेकलं आणि थांबलं. ‘गृहगमन यशस्वी.’ तीन महिन्यांत पहिल्यांदा, पहिल्याच फटक्यात. शेवटचा हाडाचा तुकडा पकडीत आवळला. एककं तपासली, मिलिमीटर, तिन्हीकडे मिलिमीटर. पडद्यावर शेवटचा प्रश्न होता, ‘पट्टी: काळी चार (ध्वनिमुद्रणानुसार). सुरू करू?’

माझं बोट बटणावर होतं.

आणि मला त्या मार्गशीर्षातली, दारातली वैजू दिसली, पिशवी हातात धरलेली. कोणाला विचारून?

मी बोट काढलं. खरं सांगतो, त्या एका क्षणाला जेवढा त्रास झाला तेवढा सगळ्या सेटिंगला मिळून झाला नाही.

“वैजू,” मी हाक मारली. “जरा इकडे ये.”

ती आली. दाराशीच थांबली. मी जुळवलेलं काहीच आठवेना.

“तू दोरे काढलेस,” मी म्हणालो. “चारही.”

तिच्या बोटांना कोथिंबिरीची पानं चिकटली होती. ती एकेक करून काढत राहिली. मग म्हणाली, “हो.”

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगायचं? गळा गेला म्हणून? त्या बारा जणींच्या ओळीत माझा एकटीचा तंबोरा खालच्या पट्टीत लावून बसू? बाईंच्या माडीवर?” तिचा आवाज आता चढला. “मला एक दिवस हवा होता हो. एकच दिवस तो मुका राहायला हवा होता. म्हटलं, पुढच्या वर्षापर्यंत काहीतरी सुचेल. तर तुम्ही कानस घेऊन बसलात! तुम्हाला कधी काही नुसतं ऐकून घेताच येत नाही. काही मोडलंय म्हटलं की धावलात हत्यारं घेऊन. मग काय बोलू? दोरे मी काढले म्हणू, की तुम्ही घोडी मारलीत म्हणून रडू?”

 सगळं खरं होतं.

“हाड एकच उरलंय,” मी म्हणालो. “यंत्र विचारतंय, पट्टी कुठली. तू सांग. काळी चार हवी असेल तर काळी चार. आणि काहीच नको असेल तर तसं सांग, मी हे सगळं खोक्यात भरून माळ्यावर टाकतो. मुळीच चिडणार नाही.”

“तुम्ही? चिडणार नाही?”

“प्रयत्न करीन.”

तिने यंत्राकडे बघितलं. मग वॉशिंग मशीनवर हात टेकून पुढे आली. मी पडद्यावरचा दुसरा पर्याय दाबला. ‘गायकाचा सा द्यावा.’ माइक तिच्याकडे वळवला.

तिने डोळे मिटले आणि सा लावला. सात महिन्यांनी. आवाज वरच्या बाजूला गेला, मध्येच फाटला.

‘नमुना अपुरा. कृपया पुन्हा द्यावा.’

“अपुरा तुझा बाप!” मी पडद्यावर ओरडलो. “तुला अक्कल आहे का, कोण गातंय...”

वैजूला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती हसली, मग खोकली, मग पाणी मागितलं. मी पाणी आणून दिलं. ती दोन घोट प्यायली, पाठ सरळ केली आणि या वेळी कसलाही आटापिटा न करता, जिथे गळा बसला होता तिथेच सा लावला. जाडसर, भरलेला. पडवी भरून गेली. मी तिचा हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. ती तो गेली दोन वर्षं लपवत होती.

‘पट्टी: काळी तीन. सुरू करू?’

“त्या सगळ्या बघतील,” ती म्हणाली.

“बघतील.”

“कुजबुजतील.”

“तेही होईल. मी काय सांगू, तुझ्या मैत्रिणी आहेत त्या.”

तिने स्वतःच बटण दाबलं.

तीन तास लागले. यंत्र खरवडायचं, तार छेडायचं, थांबून ऐकायचं, पुन्हा खरवडायचं. आम्ही दोघं दोन स्टुलांवर बसून होतो. मी एकदाही मध्ये हात घातला नाही. दोनदा उठलो, दोनदा तिने नुसतं बघितलं, मी बसलो. पाचच्या सुमाराला यंत्र थांबलं. यंत्राच्या खोक्यात निरनिराळ्या पट्ट्यांच्या तारा आल्या होत्या, त्यातल्या जाड चढवल्या, नवी घोडी बसवली. वैजूने तार छेडली. आवाज आला, पण मिटलेलाच.

“झालं!” माझं डोकं फिरलं. “पुन्हा बिघडलं! हे मेलं यंत्र...”

“थांबा हो जरा!”

ती आत गेली आणि शिवणाचा डबा घेऊन आली. सुया खोचलेल्या फडक्यातून तिने एक कागदाची पुडी काढली. आत चार दोरे होते, बोटभर लांबीचे, वापरून मळलेले.

“फेकले नव्हतेस?”

“फेकायला मी काय गाणं सोडलं होतं?”

तीन दोरे तिने भराभर सरकवले, कुठे ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. तंबोरा तीन ठिकाणी उघडला. चौथा तिने खर्जाच्या तारेखाली घातला आणि दोन्ही टोकं माझ्या चिमटीत दिली.

“मी छेडते. तुम्ही हळूहळू सरकवा. उघडला की सांगा. घाई करायची नाही, नुसतं ऐकायचं.”

मी दोरा सरकवू लागलो. कान तारेजवळ नेला, बेअरिंगला लावायचो तसा. ती छेडत राहिली. बऱ्याच वेळाने मी म्हणालो, “इथे.”

“नाही,” ती म्हणाली. “अजून थोडा.”

मी दोरा आणखी थोडा सरकवला.